माउंट कुकच्या पायथ्याशी, एप्रिल

न्यूझीलंडमध्ये एप्रिल म्हणजे ऐन पानगळ. आई-बाबा नाशिकहून आलेत, मुलांना सुट्टी आहे, म्हणून कॅम्परव्हॅन घेऊन निघालो आणि आज ओराकी माउंट कुकच्या पायथ्याशी थांबलो. शिखर ३,७२४ मीटर. येताना पुकाकी तलावाच्या काठाने गाडी हळूच चालवली. हिमनद्या खडक दळतात, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं, म्हणून तो दुधी निळा रंग. बाबा दर वळणावर थांबायला लावत होते, आणि मीही थांबत होते.

इथे वीज नाही, मोबाइलची रेंजही जेमतेम. गॅसवर पिठलं-भात केला. जेवताना दूर गडगडलं. आई म्हणाली, "पाऊस येतोय गं." आकाश तर स्वच्छ होतं! समोरच्या सेफ्टन शिखरावरून बर्फाचे कडे कोसळत होते. मग बोलणं थांबलं, सगळे कान देऊन पुढच्या आवाजाची वाट पाहत बसलो. कितीतरी दिवसांत आम्ही सगळे मिळून असे काहीही न करता बसलो नव्हतो.

रात्री स्वेटर, शाली गुंडाळून बाहेर. हा सगळा प्रदेश २०१२ पासून अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र आहे, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून इथे दिव्यांचा उजेड मर्यादित ठेवतात. नाशिकला दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा त्रिशंकू इथे खूप वर चढलेला. बाबांनी नातवंडांना तो बोटाने दाखवला.

उद्या वनाकाला जायचं ठरलं होतं. आई म्हणतेय, अजून एक दिवस इथेच राहू. राहतोय.