छापखान्याचं वेळापत्रक एक्सेलवर आणलं - माझा अनुभव

आमचा छापखाना पुण्यात नारायण पेठेत, बाबांनी सुरू केलेला. छपाईचं एक फोर कलर ऑफसेट मशीन, एक जुनं सिंगल कलर, एक कटिंग मशीन आणि मागच्या खोलीत बाइंडिंग. जून आला की शाळांची कामं, गणपतीच्या आसपास दिवाळी अंक, मग कॅलेंडर डायऱ्या आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिका, असं वर्ष जातं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत दोन अंक उशिरा गेले आणि एका पार्टीने वर्षभराचं काम काढून घेतलं, आणि हे कधी, तर सगळी माणसं रात्री अकरापर्यंत थांबत होती तेव्हा. ओव्हरटाइम डबलने द्यायचा, माणसं दमलेली, तरी माल वेळेवर नाही. बाबा म्हणाले आता दुसरं फोर कलर घ्यावंच लागणार. हिशोब मी बघते, कर्जाचा हप्ता किती बसणार ते मला दिसत होतं, म्हटलं बाबा सहा महिने द्या, आधी वेळ नक्की कुठे जातोय ते बघू.

जॉब कार्डवर आमच्याकडे सगळं असायचं, पार्टी, कागदाची साइज, जीएसएम (म्हणजे कागदाचं वजन), प्रती, प्लेटा (ज्यांवरून छपाई होते ते पत्रे), फक्त वेळ नव्हती. मी तीन रकाने वाढवले: काम मशीनवर कधी लागलं, कधी उतरलं, आणि मधे मशीन थांबलं तर का थांबलं. सोबत माणसाचं नावही लिहायला सांगितलं, आणि तिथेच चुकले. पहिले दोन आठवडे सगळ्या वेळा गोल यायला लागल्या, दहा ते अकरा, अकरा ते साडेबारा, थांबण्याचा रकाना कोराच. मशीनमन काका माझ्याशी नीट बोलेनात. त्यांना वाटलं मी पाळत ठेवतेय, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. नावाचा रकाना काढून टाकला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले, म्हटलं काका, तुम्ही किती वेळ लावता ते मला नकोय, तुम्हाला किती वेळ नुसतं थांबावं लागतं ते बाबांना दाखवायचंय. दुसऱ्या दिवशी कार्डावर त्यांच्या अक्षरात होतं, "प्लेट आली नाही, ५५ मिनिटं". ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय.

मग खरं चित्र दिसायला लागलं. मशीन ताशी आठ-दहा हजार इंप्रेशन, म्हणजे छाप, देतं हे आम्ही अभिमानाने सांगायचो, पण हजार प्रतींच्या पत्रकाची छपाई सात-आठ मिनिटांत संपते, त्याआधी प्लेटा चढवणं, रजिस्टर जुळवणं (सगळे रंग एकमेकांवर नेमके बसवणं), शाई सेट करणं यातच अर्धा-पाऊण तास जातो. म्हणजे दुसरं मशीन घेतलं असतं तरी त्यावरही हेच झालं असतं. बाकीचा वेळ वाट बघण्यात जात होता, बाहेरून येणाऱ्या सीटीपी (कॉम्प्युटरवरून थेट बनवलेल्या) प्लेटांची, पार्टीने प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघून ओके देण्याची, कागद कापून मिळण्याची. एक गोष्ट सांगते, सरासरी काढू नका. एखादं प्रूफ आठवडाभर अडकलं की सरासरी कुठल्याकुठे जाते, वेळा चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, तोच रोजच्या कामाला उपयोगी पडतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो क्रमाने. आमच्याकडे जी पार्टी आधी आली तिचं काम आधी, हा नियम. वाचता वाचता एस. एम. जॉन्सन यांचा १९५४ सालचा नियम सापडला, आधी एक टप्पा मग दुसरा अशा कामांसाठीचा, आमच्यासाठी छपाई आणि बाइंडिंग. सगळ्या वेळांत सगळ्यात लहान आकडा शोधायचा, तो छपाईचा असेल तर ते काम सगळ्यात आधी, बाइंडिंगचा असेल तर सगळ्यात शेवटी, मग उरलेल्यांत परत तेच. एका दिवशीची तीन कामं सांगते. कॅटलॉग, छपाई ६ तास आणि सेंटर पिन (मधोमध नुसत्या पिना मारायच्या) असल्यामुळे बाइंडिंग २. अहवाल, छपाई ४, बाइंडिंग ५. कवितासंग्रह, छपाई १ आणि हाताची शिवण म्हणून बाइंडिंग ६. आली त्या क्रमाने लावली तर शेवटचं पुस्तक २१ व्या तासाला हातात येतं. कवितासंग्रह आधी, मग अहवाल, मग कॅटलॉग असं लावलं तर १४ व्या. मशीन तेच, माणसं तीच, सात तास वाचले! हे मी फळ्यावर चौकोन काढून बाबांना दाखवलं, त्यांनी दोनदा स्वतः बेरीज केली आणि मग काही न बोलता चहा मागवला.

पण नियम जसाच्या तसा लावला तेव्हा सिंगल कलरवर घोळ झाला. काळ्यानंतर पिवळं लागलं, काकांना रोलर दोनदा धुवावे लागले. ते म्हणाले, "अगं, फिकट आधी, गडद शेवटी, हे तुझ्या त्या एक्सेलला कोण सांगणार?" बरोबरच होतं, रंगाचा रकाना टाकला. पावसाळ्यात आर्ट पेपरवरची शाई लवकर वाळत नाही, कागदाची मागची बाजू छापायला घाई केली की डाग पडतात, तेही त्यांनीच सांगितलं, जून ते सप्टेंबर मधे जादा वेळ धरते आता.

माणसांचं सांगायचं तर सकाळी नऊला आलेल्या बाइंडिंगच्या बायकांना अकरापर्यंत फर्मेच (पुस्तकाचे छापलेले मोठे कागद) मिळत नव्हते आणि संध्याकाळी सहाला ढीग पडायचा, घरी जायच्या वेळेला! म्हणून निम्म्या जणींनी अकरा ते आठ यावं असं ठरवलं, पण कोणी यायचं ते त्यांनाच विचारलं. एक मावशी म्हणाल्या, मला चालेल, सकाळी नातवाला शाळेत सोडता येईल. दुसऱ्या म्हणाल्या रात्री आमच्याकडची बस मिळत नाही, त्या नऊलाच येतात. एखाद्या गुरुवारी महावितरणचं शटडाउन असलं की हाताची कामं, मिसळणी (फर्मे क्रमाने लावणं), शिवण, त्या दिवसासाठी राखून ठेवते.

या दिवाळीत सगळे अंक वेळेवर गेले, रात्रीचं थांबणं शेवटच्या आठवड्यातच झालं आणि दुसरं मशीन घेतलं नाही. पार्टीचं ओके मात्र अजून सुटलेलं नाही. प्रूफ पाठवलं की चार दिवस फोन नाही आणि पाचव्या दिवशी, "उद्या मिळेल ना?" सध्या प्रत्येक पार्टीला ओके द्यायला किती दिवस लागतात ते लिहून ठेवतेय, त्यावरून प्लेटा कधी मागवायच्या ते ठरवणार आहे, कारण त्या पंचावन्न मिनिटांतली निम्मी मिनिटं तिथूनच येतात असं मला वाटतंय.