आमचे आप्पा खेळणं नाहीत

घरातल्या एखाद्या फौजी माणसाचा छोटा पुतळा करायचं मनात असेल, तर रंग आणि ब्रश नंतर आणा. आधी 9503 हा आकडा पाठ करा. कस्टमच्या दरपत्रकात खेळणी ज्या शीर्षाखाली येतात, त्याचा हा क्रमांक. तीनचाकी सायकल, बाहुली, कोडी आणि स्केल मॉडेल, सगळ्यांना त्या शीर्षात एकाच रांगेत बसवलंय. माझ्या आजोबांच्या पुतळ्याचं पार्सल तिथंच अडकलं होतं. अजूनही एखाद्या गाडीच्या पाटीवर हा नंबर दिसला की माझं डोकं तापतं.

आप्पा म्हणजे माझे आजोबा, दादांचे (माझ्या वडिलांचे) वडील. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये शिपाई. 1941 साली ही पलटण इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात इटालियन फौजेशी लढली. 15 मार्चच्या संध्याकाळी तिथला 'पिनॅकल' नावाचा सुळका मराठ्यांनी घेतला, त्यामुळे शेजारच्या डोलोगोरोडोक किल्ल्याची वाट मोकळी झाली आणि 27 मार्चला केरेन पडलं. पुढे याच बटालियनची पॅराशूट पलटण झाली, आजची 2 पॅरा. हे सगळं मला पुस्तकांतून कळलं. आप्पांनी स्वतः घरात एवढंच सांगितलेलं, की डोंगर उभा होता आणि पाणी नव्हतं. त्यांच्या मागं राहिलं काय, तर स्टुडिओत काढलेला एक फोटो, डिस्चार्जचे कागद आणि आफ्रिका स्टार हे पदक. दादांची पंचाहत्तरी आली तेव्हा म्हटलं, फोटोला फ्रेम तर कुणीही करून देईल. आपण आप्पांना उभं करू.

मराठा शिपायाचा तयार पुतळा मिळण्याची आशा धरू नका. वाळवंटातल्या ब्रिटिश शिपायाचा घ्यायचा आणि त्याचा आपला माणूस करायचा, हाच मार्ग. मी 120 मिलिमीटरचा, म्हणजे 1/16 मापाचा (खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचा), रेझिनचा, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या राळेचा सुटा संच परदेशातून मागवला. 54 मिलिमीटरचे स्वस्त पडतात, पण त्यात चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. ज्याला नुसता सैनिक करायचाय त्याला तेवढं पुरतं. मला आप्पांची भुवई हवी होती.

पार्सल भारतात पोचलं आणि ट्रॅकिंगवर 'कस्टमकडे' हे शब्द उमटले. ते तिथंच राहिले. मग एक छापील पत्र आलं. मजकूर असा, की आपण मागवलेली वस्तू खेळणी या वर्गातली असल्यानं भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र सादर करावं. आयातदाराचा कोड सादर करावा. बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्र जोडावं. मुदतीत उत्तर न आल्यास वस्तू परत पाठवली जाईल.

नियम खोटा नाही. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2020 सालचा, तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंवर आयएसआय चिन्ह हवंच. लेकरं वस्तू तोंडात घालतात, रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे नियम योग्यच आहे. पण माझी वस्तू बिनरंगाची, वीसेक तुकड्यांची आणि ब्लेडनं कापून, घासून, सुपर ग्लूनं जोडायची. हे कुठलं लेकरू खेळणार?

कागद पाठवले. उत्तर नाही. ईमेल केला, तेव्हा पहिल्याच पत्राची प्रत परत आली. फोन उचलणाऱ्यानं दुसरा नंबर दिला. दुसऱ्या नंबरवाल्यानं पहिला दिला. शेवटी रजा टाकून स्वतः गेलो.

कचेरीत माझ्यासमोर खोकं उघडलं. तिथल्या साहेबांनी एक प्लास्टिकची पिशवी उजेडात धरली. आत दोन पाय, चड्डीपर्यंत.

"हे मोडलंय का?"

"नाही साहेब, असंच येतं. जोडायचं असतं."

"म्हणजे खेळणंच ना. मुलं जोडतात."

मग दुसरी पिशवी निघाली. त्यात रायफल. सात सेंटिमीटरची.

"आणि हे? शस्त्र?"

बाजूच्या टेबलावरच्या बाई हसल्या, तेव्हा साहेबही जरा सैलावले. मी आप्पांचा फोटो आणि डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली. अगदी मनापासून वाचली, हे सांगायला हवं. म्हणाले, "अहो, माझे चुलते फौजेतच होते. भावना समजते. पण 9503 मध्ये येतंय ना. मी काय करू?"

राग खरा याचाच आला. माणूस चांगला, समोर वस्तू उघडी, ती काय आहे ते दोघांनाही कळतंय. आणि तरी मधे तो आकडा बसलेला. तिथल्या बाकावर बसून मी बरोबर नेलेला डबा खाल्ला आणि रिकाम्या हातानं परत आलो. येताना एसटीत शेजारच्यानं विचारलं, कस्टममध्ये काय सोनंबिनं अडकलंय का? म्हटलं, आजोबा अडकलेत. पुढचा रस्ता तो माणूस माझ्याकडं चोरून बघत होता.

त्या रात्रीपासून मी नियम वाचायला बसलो. माझी नोकरी सहकारी बँकेत. परिपत्रकं वाचायची सवय आहे. तीन गोष्टी हाती लागल्या. ज्यांचं पार्सल आत्ता अडकलंय त्यांनी त्या जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात.

एक तर दरपत्रकातलं शीर्ष आणि मानक ब्यूरोचा आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 9503 मध्ये स्केल मॉडेल आहे, म्हणून कर त्या दरानं लागू शकतो. पण म्हणून ते आदेशातलं खेळणं ठरत नाही. आदेश ज्या मानकावर उभा आहे त्या आयएस 9873 च्या पहिल्या भागात मॉडेल किट, छंदाच्या वस्तू आणि मोठ्यांच्या संग्रहाच्या वस्तू वगळलेल्या आहेत. सुरुवातीलाच, व्याप्तीच्या कलमात. ते पान छापून जोडायचं आणि ओळीखाली रेघ मारायची. पेननं. पिवळा हायलायटर झेरॉक्समध्ये काळा होतो.

आयातदाराच्या कोडचं म्हणाल, तर वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूला तो लागतच नाही. परदेशी व्यापाराच्या नियमांत तशी सूट आहे. छापील पत्रात मागितलाय म्हणून कोड काढायला धावू नका.

आणि पैशाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही, की वैयक्तिक वापरासाठी टपालानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या वस्तूंना 9804 हे स्वतंत्र शीर्ष आहे. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70. 9804 चा दर त्याहून बराच कमी. तुम्ही मागितलं नाही तर ते शीर्ष कुणी आपणहून लावून देत नाही.

अर्ज एका पानाचा लिहिला. त्यात आप्पांबद्दल एक ओळ आणि बाकी सगळी कलमं. आधीच्या ईमेलमध्ये केरेनच्या लढाईवर मी दोन परिच्छेद लिहिले होते. ते कुणी वाचले असतील असं वाटत नाही. संचाच्या खोक्यावर 'चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी' असं छापलेलं होतं, त्याचा जवळून काढलेला फोटोही जोडला. मागवतानाच विक्रेत्याला सांगून बिलावर ही ओळ घालून घेतली तर निम्मं काम तिथंच होतं. आणि वस्तूचं वर्णन 'टॉय सोल्जर' असं अजिबात लिहू देऊ नका. तिकडचे दुकानदार सवयीनं तेच लिहितात.

अर्ज पोचल्याची सही-शिक्का घेतली. मग पुन्हा शांतता. आणि एके दिवशी पोस्टमन दारात. ड्युटीचे पैसे घेतले, पावती दिली. पावतीवर 9804. त्या पावतीचं मला जे कौतुक वाटलं, ते बँकेच्या प्रमोशनच्या पत्राचंही वाटलं नव्हतं. ती मी जपून ठेवलीय.

त्यापुढचं काम सुखाचं. रेझिनचे तुकडे भांड्याच्या साबणानं धुवायचे, नाहीतर साच्याचं तेल रंग धरू देत नाही. घासायचं ते पाण्याखाली आणि तोंडाला मास्क लावून. ती पूड छातीत जायला नको.

रायफल मात्र बदलावी लागली. संचात ली-एनफिल्ड रायफलीचा नंबर 4 हा प्रकार होता, नळीचं टोक पुढे आलेला. भारतीय पलटणींच्या हाती नंबर 1 मार्क 3 असायची, ईशापूरच्या कारखान्यातली, जिचं तोंड आखूड आणि चपटं. मी टोक कापून प्लास्टिकच्या पट्टीतून नवं केलं. संगीनही लांब केली, त्या काळच्या संगिनीचं पातं 17 इंचांचं होतं, म्हणजे या मापात 27 मिलिमीटर. जाणकार माणूस आधी चेहरा बघत नाही, रायफल बघतो. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी तसंच केलं. चष्मा कपाळावर सरकवून रायफलीकडं बघितलं आणि "बरोबर" एवढं म्हणाले.

मिशी आणि चड्डीची वाढवलेली लांबी एम-सीलची. परदेशी पुट्टीच्या मागं लागू नका. एम-सील लवकर घट्ट होतं, म्हणून हरभऱ्याएवढंच मळायचं आणि हत्यार पाण्यात बुडवत राहायचं.

रंगांचं सांगायचं राहिलं. इनॅमल, थिनर, स्प्रेचे डबे टपालानं मागवू नका. ते ज्वालाग्राही, विमानात घेत नाहीत. ॲक्रिलिक इथंच मिळतात. चेहऱ्याला मी कॅमलचे तैलरंग वापरले. 'फ्लेश' म्हणून जी बाटली मिळते ती गोऱ्या माणसाची, तिच्यात काहीही मिसळलं तरी आप्पा आजारी दिसत होते. ती बाजूला ठेवली. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर, त्यात टायटॅनियम व्हाइट अगदी नखावर मावेल एवढा. सावलीला बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीनचा ठिपका. काळ्यापांढऱ्या फोटोतून वर्ण कसा ओळखणार? दादांना टेबलाजवळ बसवलं, त्यांचा हात दिव्याखाली धरला आणि मनगटाच्या आतल्या बाजूशी रंग जुळवत गेलो. उन्हानं रापलेला वरचा भाग वेगळा, आतला वेगळा. दोन्ही लागले, कारण आप्पांच्या बाह्या वर दुमडलेल्या आहेत. दादा तेवढा वेळ एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "आप्पा माझ्याहून काळे होते." एक छटा गडद केली.

खाकी एकच नसते हेही लक्षात ठेवा. खांद्यावर आणि गुडघ्यावर उडालेली, पट्ट्यांखाली मूळची. कापडी पट्टे कपड्याहून फिके. आप्पांची पलटण ज्यात होती त्या पाचव्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह काळ्यावर लाल गोळा. ते दंडावर काढायचा फार मोह झाला, पण आप्पांच्या फोटोत दंडावर काहीच नाही, म्हणून काढलं नाही. डोक्यावर काय द्यायचं यावर घरात वाद झाला. चुलत्यांना पागोटं हवं होतं. मी चढाईचा क्षण धरला होता, म्हणून पोलादी टोपच दिला, पण हनुवटीचा पट्टा सोडून थोडा मागं सरकवला, म्हणजे कपाळ आणि भुवई दिसते.

मॅट वार्निश पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरट धुरकट थर बसतो. पंचाहत्तरी ऑगस्टमध्ये होती, तरी मी ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघितली. दादांना आप्पा उशिरा मिळाले, पण स्वच्छ मिळाले. त्यांनी टीव्हीशेजारी ठेवलेत आणि आल्यागेल्याला पुतळ्याआधी माझी कस्टमची गोष्ट सांगतात, त्यात माझ्याहून जास्त मीठमसाला घालून.

चुलतभावालाही आता एक हवाय. त्याला म्हटलं, पुतळ्याची संगणकावरची फाइल विकत घे आणि पुण्यात रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घे. फाइलला कस्टम लागत नाही. रंगवून मी देतो. पण पार्सल मागवलंस, तर अर्ज तुझा तू लिही.