रेघ कुठे मारायची?

मंगळवार, रात्री

आज फ्लो सायटोमेट्रीचा वर्ग, म्हणजे रंगवलेल्या पेशी लेझरसमोरून सोडून मोजायच्या. सकाळ स्टेनिंगमध्येच, पेशी रंगवण्यातच गेली. १०० मायक्रोलिटर रक्त, त्यात चमकणारे रंग जोडलेल्या अँटिबॉडीज, आणि ट्यूब फॉइलखाली अंधारात. मग लायसिंग बफर. तांबड्या पेशी फुटायला लागल्या की गढूळ ट्यूब हळूहळू निवळते. लालच राहते, पण मागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. शिकवणाऱ्या मॅडमचं घड्याळाकडे लक्षच नव्हतं, त्या ट्यूबकडे बघत होत्या.

कॉम्पेन्सेशन दुपारी उरकलं. एफआयटीसी या रंगाचा उजेड पीई या दुसऱ्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये सांडतो, तो सिंगल स्टेन कंट्रोल (एकच रंग घातलेली ट्यूब) लावून वजा करायचा. सॉफ्टवेअर करतं सगळं. कंट्रोलची ट्यूब नीट रंगलेली हवी, एवढंच.

खरी मजा गेटिंगला आली, म्हणजे हव्या त्या पेशींभोवती रेघ मारून त्या वेगळ्या काढायला. ४८८ नॅनोमीटरच्या लेझरसमोरून पेशी एकेक करून जातात आणि पडद्यावर ठिपके साचतात. खाली लिम्फोसाइट्स, त्यावर मोनोसाइट्स, आणखी वर ग्रॅन्युलोसाइट्सचा ढग, तिन्ही पांढऱ्या पेशीच. सीडी३, सीडी४ ही पेशींवरच्या प्रथिनांची नावं; सीडी३ ही टी-पेशींची (लिम्फोसाइट्सच्या एका प्रकाराची) खूण. मॅडमनी सीडी३ चं गेट मुद्दाम काढून टाकलं आणि म्हणाल्या, "आता सीडी४ बघा." निगेटिव्ह आणि ठळक पॉझिटिव्ह यांच्या मधोमध एक फिकट पुंजका उगवला. मोनोसाइट्स! सीडी४ त्यांच्यावरही असतो, फक्त कमी. सीडी३ न बघता मोजलं तर ही मंडळी खुशाल टी-पेशींच्या हिशेबात घुसतात. एचआयव्हीच्या रुग्णाचा सीडी४ काउंट (सीडी४ असलेल्या टी-पेशी, दर मायक्रोलिटर रक्तात) २०० च्या खाली गेला की आजार पुढच्या टप्प्यात गेला असं धरतात, उपचारही त्याप्रमाणे बदलतात. तिथे हे पाहुणे परवडणारे नाहीत.

मग एकच फाइल आम्हा सगळ्यांना दिली. प्रत्येकाचं गेट वेगळं, टक्केवारीही वेगळी. शेजारचा म्हणाला, "नॉर्मल रेंजमध्ये बसतंय ना, मग झालं." मॅडम तडकल्या. "रेघ आकडा बघून मारायची नाही, कंट्रोल बघून मारायची." मला विचाराल तर रिपोर्टवर आकड्याशेजारी प्लॉटही छापायला हवा. नुसत्या दशांश चिन्हावर माणसं फार विश्वास ठेवतात.

उद्या टी-रेग, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी. तिथे सीडी२५ ला निगेटिव्ह आणि पॉझिटिव्हच्या मध्ये दरीच नसते, सगळं एका ओघात पसरलेलं. सीडी१२७ कमी असलेल्या पेशी घ्यायच्या, आतल्या फॉक्सपी३ या प्रथिनासाठी पेशीला आधी भोकं पाडायची. एफएमओ कंट्रोलच्या (एक रंग सोडून बाकी सगळे घालायच्या) ट्यूबांवर नावं घालून ठेवली आहेत.