तुम्ही विचारलंत म्हणून: वहीत न आलेलं बदक

पक्ष्यांवरचं माझं बोलणं संपलं की मागच्या रांगेतून हात वर होतोच. "सर, तुम्ही स्वतः बंदूक चालवलीय म्हणे. मग शिकार आणि संवर्धन एकत्र जमतं का?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना 'नाही' ऐकायचं असतं, म्हणजे माझ्याकडून चारचौघांत माफी वदवून घेतल्यासारखं होतं. उरलेल्यांना 'हो' हवं असतं. आजोबांचा पाय वाघावर असलेला फोटो त्यांनी अजून भिंतीवरून काढलेला नसतो. मी आजवर "बघा, ते ठिकाणावर अवलंबून असतं" असं काहीतरी पुटपुटून माईक खाली ठेवत आलो. आता कंटाळलो, म्हणून लिहून टाकतो.

आधी शिकाऱ्यांची बाजू. ती मी कित्येक वर्षं तावातावानं मांडलीय, आणि ती खोटी नाही. भरतपूरचं केवलादेव घ्या. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत तिथं एका दिवसात 4,273 पक्षी पडले. अंगावर काटा येतो ना? पण ती पाणथळ जागा टिकली ती राजांना बदकं मारायची हौस होती म्हणूनच. त्या हौसेपायी बांध राखले गेले, पाणी सोडलं गेलं. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच शिकारीच्या तळ्यांचं. अमेरिकेत 1934 पासून बदकाच्या शिकाऱ्याला डक स्टँप, म्हणजे शिकारीसाठीचं सरकारी तिकीट, विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी घेतल्या जातात. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारीचे मोजकेच परवाने निघतात, आणि त्यांच्या रकमेतले 80 टक्के स्थानिक लोकांना मिळतात. मग तेच लोक चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवतात. ज्यांना शिकार या शब्दानंच शिसारी येते, त्यांनी यावर काहीतरी बोलावं. नुसतं नाक मुरडून भागत नाही.

आता जे मी कधी सांगत नाही, ते.

मी एकोणीस वर्षांचा होतो. परवाना काढून शिकार करता यायची तेव्हाची गोष्ट. मामांची दुनळी, मामांचं तळं (म्हणजे ते तसं म्हणायचे) आणि मामांची वही. वहीत तारीख, जात, नग. त्या पहाटे उजाडता उजाडता तलवार बदकांचा थवा आला. मी दोन्ही बार काढले. एक जागीच पडलं. दुसरं तिरपं होत लव्हाळ्यात उतरलं. मी छातीभर पाण्यात शिरलो. तासभर शोधलं. एकदा अगदी हाताशी, दोन काड्यांच्या मधे, नुसती चोच पाण्याबाहेर दिसली. बाकी सगळं बदक पाण्याखाली. मी हात घातला आणि चोच गेली. पुन्हा दिसली नाही. काठावर आलो तेव्हा मामा वही मिटत होते. म्हणाले, "मिळालं नाही ते मारलं नाही."

आठ दिवसांनी तेच बदक मला काठावर सापडलं. तेच कशावरून, असं विचाराल. पंख त्याच बाजूचा लोंबत होता. पळायचं त्राण नव्हतं. उचललं तर हातात काही वजनच नाही, छातीचं हाड बोटांना सुरीच्या पात्यासारखं लागत होतं. डोळा मात्र लख्ख. मी मान पिरगळली आणि ते घेऊन मामांकडे गेलो. "मामा, हे लिहा." त्यांनी वही उघडली, पान उलटलं आणि खरंच गोंधळून विचारलं, "कुठल्या तारखेत घालू?"

त्या दिवशी बंदूक टाकली म्हटलं की ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. मी टाकली नाही. पुढं चार हंगाम मारली. बंद केली ती 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला म्हणून.

पण ती वही डोक्यातून गेली नाही. शिकारीच्या बाजूचा हिशेब कुणी मांडला की मी त्यात निसटलेली बदकं शोधतो. गाळात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात. ते पोटात दळले जातात आणि शिसं अंगात भिनतं. अमेरिकेनं 1991 मध्ये बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. तोवर असं मेलेलं बदक कुणाच्या वहीत होतं? ब्रिटनमध्ये ग्राऊस या रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या शिकारीसाठी माळ राखतात, त्याचा इतर पक्ष्यांनाही फायदा होतो हे मान्य. पण ग्राऊसची पिल्लं खातो म्हणून हेन हॅरियर हा शिकारी पक्षी तिथं चोरून मारला जातो. तो कुठल्या रकान्यात?

म्हणजे माझं उत्तर 'नाही' झालं, असं वाटेल. मलाही मधे काही वर्षं तसंच वाटत होतं, आणि तेव्हा मी फार सोवळ्यात बोलायचो.

मग मामांचं तळं गेलं. शिकार थांबल्यावर बांधाकडे बघायला कुणी उरलं नाही. दगड लोकांनी नेले, पाणी ठरेना, अर्ध्यात नांगर फिरला. जमीन धरणाऱ्याला बदकांशी ना वैर ना प्रेम. हिवाळी मोजणीला मी अजून तिथं जातो. तक्त्यात तलवार बदकापुढं गेली सहा वर्षं शून्य लिहितोय. मामा असते तर बांधाचा एक दगड हलू दिला नसता त्यांनी, आणि पहिला थवा उतरला की दोन्ही बार काढले असते.