'शैवाल' लिहिलेला दगड: माझा वर्गीकरणाचा अनुभव

सोलापुरात कुठेही बोअर मारा, खाली काळा बेसॉल्टच लागतो, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा वाहिला त्याच्या कितीतरी आधीच ग्रॅप्टोलाइट, म्हणजे समुद्रात वसाहतीने नळ्यांमध्ये राहणारे बारीक प्राणी, जवळजवळ संपले होते, त्यामुळे आपल्याकडच्या दगडात ते मिळायचा प्रश्नच नाही. मला ते भेटले कॉलेजच्या कपाटातल्या एका लाकडी पेटीत. सात काळपट तुकडे, त्यातल्या एकावर 'शैवाल' अशी चिठ्ठी, एकावर 'ब्रायोझोआ', बाकीचे कोरे. कुठून आणले, कुणी आणले, काही नोंद नाही. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी ती पेटी मागून घेतली आणि चार महिने तिच्यातच गेले.

पहिला प्रश्न, हा जीवाश्म आहे तरी का? आमच्या स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे. लहानपणी मी ती खरी वनस्पती समजायचो. ती मँगनीजची असते हे कॉलेजात कळलं. लिनीयसने 1735 साली 'ग्रॅप्टोलिथस' हे नाव वापरलं तेही अशाच, खरे जीवाश्म नव्हेत पण तसे दिसतात, अशा दगडांसाठी. नावाचा अर्थच 'दगडावरचं लिखाण'. सातांपैकी एका तुकड्यातली नक्षी भेगेच्या कडेने निघून टोकाकडे विरत गेली होती, फांदीला ठरावीक जाडी नव्हती. तो बाजूला काढला.

मग ब्रायोझोआ, म्हणजे समुद्रात वसाहतीने राहणारे दुसरे बारीक प्राणी. फेनेस्टेला नावाच्या ब्रायोझोआची जाळी डेंड्रॉइड, म्हणजे झाडासारख्या फांद्यांच्या, ग्रॅप्टोलाइटच्या जाळीसारखीच दिसते, पण ती चुन्याची असते. कडेला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला. चिठ्ठीवाला तुकडा फसफसला, भिंगाखाली फांद्यांवर बारीक छिद्रांच्या रांगाही दिसल्या. ती चिठ्ठी बरोबर होती. उरलेले पाच गप्प राहिले. त्यांची जाळी म्हणजे शेल या गाळाच्या थरांच्या दगडावर चिकटलेला कार्बनचा पातळ पापुद्रा.

इथे माझ्याकडून एक नुकसान झालं. माती काढायला कोरडा ब्रश फिरवला आणि एका तुकड्याचा बोटाच्या पेराएवढा पापुद्रा उडाला. ते अजून मनाला लागतं. त्यानंतर ब्रश बंद. स्पिरिटचा थेंब टाकायचा, ओलं असेतो बघायचं, सकाळी खिडकीतून तिरका उजेड येतो तेव्हाच. अशाच एका सकाळी 'शैवाल' लिहिलेल्या दगडावर फांदीच्या एका कडेला करवतीसारखे दाते दिसले. एकामागोमाग एक, सारख्या अंतरावर. प्रत्येक दाता म्हणजे एका प्राण्याच्या नळीचं तोंड, थीका. शैवालाला असे दाते कुठले?

पुढचं काम मोजण्याचं. ग्रॅप्टोलाइटमध्ये 10 मिलिमीटरमध्ये किती फांद्या, किती थीका, हे लिहावंच लागतं. आप्पा चादरीच्या मागावर होते. धागे मोजायचं त्यांचं घडीचं भिंग, पिक ग्लास, मी घेऊन गेलो. चौकट इंचाची, त्यामुळे आत मिलिमीटरची पट्टी चिकटवली. 'शैवाल'मध्ये 10 मिलिमीटरमध्ये 9 फांद्या भरल्या. आप्पांना फोटो दाखवला तर म्हणाले, "आडवे धागे उभ्यात विणलेले नाहीत रे, नुसते जोडलेत." नेमकं तेच बघायचं असतं. फांद्या सुट्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या, तर डिक्टिओनेमा. फांद्याच नागमोडी होऊन एकमेकींना चिकटल्या, तर डेस्मोग्रॅप्टस. पट्ट्या जवळजवळ नाहीतच, तर कॅलोग्रॅप्टस किंवा डेंड्रोग्रॅप्टस. डिक्टिओनेमा नावाचं एक दगडफूलही आहे; वनस्पती आणि प्राण्यांच्या नावांचे नियम वेगळे, म्हणून दोन्ही चालतात. शोधताना मी त्यात दोन दिवस घालवले.

सगळ्यात अडलो ते वरच्या गटावर. जुन्या पुस्तकात डेंड्रॉइड हा नामशेष वर्गातला गण. पोलंडच्या रोमान कोझ्लोव्स्कींनी ट्रेमाडोक काळातला (ऑर्डोव्हिशियनच्या सुरुवातीचा) चर्ट हा गारगोटीसारखा दगड हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवून अख्ख्या नळ्या सोडवल्या आणि 1949 मध्ये मांडलं, की या नळ्यांवरची नागमोडी जोडाची अर्धी कडी आणि आतला सगळ्यांना जोडणारा देठ आजच्या रॅब्डोप्लुरासारखाच आहे. रॅब्डोप्लुरा समुद्रतळाला चिकटून राहतो, डोक्याकडच्या ढालीसारख्या भागाने स्वतःची नळी कडं कडं करून बांधतो. 2013 मध्ये मिचेल आणि सहकाऱ्यांनी गुणधर्मांचं विश्लेषण करून त्याला थेट ग्रॅप्टोलाइटांमध्येच बसवलं. म्हणजे हा गट संपलेलाच नाही, आणि हेमिकॉर्डेटा, म्हणजे कण्याच्या प्राण्यांच्या दूरच्या नात्यातला, असल्यामुळे प्रवाळापेक्षा आपल्याला जवळचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी नवी मांडणी स्वीकारली, कारण ती आकारावर नाही, नळी कशी बांधली जाते यावर उभी आहे.

डिक्टिओनेमा की तरंगणारा रॅब्डिनोपोरा, हे ठरतं जाळीच्या बुडाशी. तिथे मुळासारखी पकड असेल तर पहिला, बारीक तंतू असेल तर दुसरा. पाचांपैकी दोघांत पकड सापडली, त्यातला एक 'शैवाल'. एक डेस्मोग्रॅप्टस निघाला. उरलेल्या दोघांचं बूड दगडाबरोबर तुटलेलं. गाइड सर म्हणाले, "डिक्टिओनेमाच असणार, लिहून टाक." मी नम्रपणे नाही म्हटलं आणि लिहिलं: डेंड्रॉइड ग्रॅप्टोलाइट, जीनस अनिश्चित. सरांनी दोन्ही तुकडे स्वतः पिक ग्लासखाली बघितले आणि सही केली.

'शैवाल'ची जुनी चिठ्ठी फेकली नाही. नव्या चिठ्ठीच्या मागे तारीख घालून डकवली आहे.