दुसरं क्रेडिट कार्ड: अर्जाआधीचा दीड महिना

पगार बरा, एकही बिल चुकलेलं नाही, तरी दुसऱ्या कार्डाचा अर्ज परत आला. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींची ही नेहमीची तक्रार. दोष बहुधा पगारात नसतो. पहिलं कार्ड जेमतेम आठ-दहा महिन्यांचं असलं की बँकेला तुमच्याबद्दल वाचायला फारसं काही मिळत नाही, त्यामुळे जे थोडं आहे त्यातली बारीकशी गोष्टही मोठी दिसते. आणि सगळ्यांत मोठी दिसते ती पहिल्या कार्डावर उभी असलेली रक्कम.

हिशेब पाहा. लिमिट ३०,०००, महिन्याचा खर्च २४,०००. स्टेटमेंट १२ तारखेला निघतं आणि तुम्ही ड्यू डेटच्या आत पूर्ण पैसे भरता. व्याज नाही, उशीर नाही. पण सिबिलकडे, म्हणजे लोकांच्या कर्ज-कार्डांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, आकडा गेला २४,०००चा, म्हणजे लिमिटच्या ८० टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाचं घर कार्डावर चाललंय. ३० टक्क्यांच्या आत राहा, असं सगळेच सांगतात. इतिहास छोटा असेल तर माझ्या मते २०च्या आसपासच राहावं. वरच्याच उदाहरणात १८,००० रुपये १० तारखेपर्यंत भरून टाका. स्टेटमेंट निघेल ६,०००चं, म्हणजे नेमकं २० टक्के. खर्च तोच, पैसे तेच, फक्त भरण्याची तारीख बदलली. १२ तारखेच्या सकाळपर्यंत थांबू नका, कारण दुसऱ्या बँकेतून भरलेले पैसे कार्डाच्या खात्यात दिसायला कधीकधी एक-दोन दिवस जातात.

जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवावी लागते. त्यामुळे स्टेटमेंटपुरतं कार्ड हलकं करून दुसऱ्या दिवशी त्यावर टीव्ही घेतला, तर केलेलं सगळं वाया. महिना-दीड महिना खर्च कमीच ठेवा, या नोंदींचा स्वतःचा ताजा अहवाल काढून आकडा उतरलेला डोळ्यांनी पाहा, मगच अर्ज भरा.

अहवाल फुकट मिळतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावाच लागतो. चारही एका दिवशी काढू नका, तीन-तीन महिन्यांनी एकेक काढा, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. स्वतःचा अहवाल पाहिल्याने क्रेडिट स्कोअर कमी होत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

अहवाल हातात आला की स्कोअरच्या आधी नाव पाहा. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हा घोळ फार. मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव, पॅनवर मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव आणि बँकेत अजून माहेरचंच. नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल यांवरून नोंदी जुळवल्या जातात. त्या नीट जुळल्या नाहीत तर एकाच माणसाचा इतिहास दोन ठिकाणी विभागला जाऊ शकतो, आणि मुळात तोकडा असलेला इतिहास आणखी तोकडा होतो. आधी पॅन आणि आधार एकसारखे करा, मग बँकेत केवायसी बदला. अहवालातल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी. नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

नंतर खात्यांची यादी. एखाद्या ॲपमधलं विसरलेलं ‘पे लेटर’, मोबाइल घेताना केलेला ‘नो कॉस्ट ईएमआय’, हेही तिथे कर्ज म्हणूनच दिसतं. शे-दोनशेची थकबाकीही उशीर म्हणून लागते. ती भरा, खातं बंद करून घ्या आणि बंद झाल्याचं पत्र किंवा मेल जपून ठेवा. वडिलांच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड मात्र इथे कामाचं नाही. त्याचा इतिहास वडिलांच्या नावावर जातो.

विजयनगरच्या मॉलबाहेर टेबल मांडून बसलेल्या एजंटांपासून जरा सांभाळून. ‘जिथे होईल तिथे करून देतो’ म्हणत पॅन-आधारचे फोटो घेतले जातात आणि एकाच आठवड्यात तीन बँकांत अर्ज पडतात. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी अहवालात नोंदली जाते. वर्षाच्या आतल्या इतिहासावर तीन एन्क्वायऱ्या म्हणजे पैशांची निकड आहे, असाच अर्थ काढला जातो. कुणीही तुमचा अहवाल पाहिला की सिबिलसारख्या त्या कंपनीने एसएमएस किंवा मेल पाठवायचा असतो, म्हणून तुमचा मोबाइल नंबर तिथे बरोबर असू द्या.

अर्ज एकच, आणि शक्यतो पगार जमा होतो त्या बँकेत. तिथे तुमची आवक त्यांना दिसतेच. नेटबँकिंगमध्ये प्री-अप्रूव्ह्ड, म्हणजे बँकेने आधीच मंजूर केलेली, ऑफर आली असेल तर उत्तमच. पण पहिलं कार्डही त्याच बँकेचं असेल तर अनेकदा दोन्ही कार्डांना मिळून एकच लिमिट राहतं. लिमिट वाढवण्यासाठीच दुसरं कार्ड हवं असेल तर हे आधी विचारून घ्या. दुसऱ्या बँकेत कार्ड-ऑन-कार्ड मागता येतं, म्हणजे पहिल्या कार्डाचं स्टेटमेंट दाखवून. कपडा मार्केटसारख्या धंद्यातल्या लोकांना पगाराची स्लिप नसते, त्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न पाहिले जातात. विक्री कितीही असो, रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवलं असेल तर तेवढंच धरलं जातं. हे काहीच जमत नसेल तर एफडीवरचं कार्ड घ्या. एफडीवर बँकेचा लिएन लागतो, म्हणजे ती बँकेकडे तारण राहते, व्याज चालू राहतं, आणि नोंद इतर कार्डांसारखीच जाते. इतिहास छोटा असणाऱ्यांना मी हाच रस्ता आधी सुचवेन.

दुसरं कार्ड रुपे (RuPay) नेटवर्कचं घेतलंत तर ते यूपीआयला जोडता येतं, छप्पन दुकानावर क्यूआर स्कॅन करूनही चालतं. फक्त दुकानदाराच्या, मित्राच्या किंवा घरमालकाच्या खाजगी नंबरवर पैसे जात नाहीत.

भाड्याने राहणाऱ्यांचा अर्ज पत्त्यावर अडकतो. विजेचं बिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. आधारवरचा पत्ता आधी बदला, आणि पडताळणीच्या आठवड्यात अनोळखी नंबरचे फोन उचला.

नकार आलाच तर कारण लेखी मागा. मुख्य कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ते दुरुस्त करून सहा महिने थांबा, लगेच दुसऱ्या बँकेकडे धावू नका.

कार्ड मिळालं की ऑटोपे ‘टोटल ड्यू’वर लावा, ‘मिनिमम ड्यू’वर नाही, मिनिमम भरल्यावर उरलेल्या रकमेला वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. दोन्ही स्टेटमेंट एकाच आठवड्यात येत असतील तर एका कार्डाची बिलिंग सायकल बदलून घ्या. किमान एकदा ती बदलून देणं बँकेला भाग आहे, आणि पगाराच्या तारखेनंतर चार-पाच दिवसांनी ड्यू डेट येईल अशी तारीख मागून घेता येते.