पत्त्याचा कागद आणि मिनेसोटातलं माझं पहिलं मत

"मिनेसोटात मतदान एकदम सोपं, ओळखपत्रसुद्धा दाखवावं लागत नाही," असं मला निदान दहा जणांनी ऐकवलं होतं. ते खरं आहे, पण ज्यांचं नाव यादीत आधीच आहे त्यांच्यासाठी. 2012 साली इथे फोटो ओळखपत्र सक्तीचं करायचा प्रस्ताव आला होता, तो मतदारांनीच फेटाळला. मात्र मुलाच्या घरात राहणाऱ्या आणि नुकतंच घर बदललेल्या आईकडे इथे जी वस्तू मागतात, ती ओळखपत्रापेक्षा दुर्मीळ आहे. पत्त्याचा कागद!

अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत, दहातल्या सहा प्रश्नांची बरोबर उत्तरं, शपथविधी, हे सगळं 2024च्या उन्हाळ्यात विनासायास झालं, त्यावर शब्द खर्च करत नाही. शपथेनंतर लगेच ईगनच्या, म्हणजे तेव्हाच्या घराच्या पत्त्यावर मतदार म्हणून नावही लागलं. मग ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मुलाने मेपल ग्रोव्हला घर घेतलं आणि आम्ही हललो. पत्ता बदलला की नोंदणी नव्याने करायची. ती आगाऊ करायची मुदत मतदानाच्या 21 दिवस आधी संपते, म्हणजे आमचं सामान खोक्यांत जायच्या आधीच संपली होती. तरी घाबरायचं कारण नव्हतं. मिनेसोटात 1974 पासून मतदानाच्या दिवशी, मतदान केंद्रावरच नाव नोंदवता येतं. फक्त नवीन पत्ता सिद्ध करायचा.

आता तो कसा करायचा ते ऐका. घर मुलाच्या नावावर. वीज, गॅस, पाणी, कचरा, इंटरनेट, सगळी बिलं त्याच्या नावावर. माझा फोन त्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये, म्हणजे बिलावर माझा नंबर आहे, नाव नाही. मी गाडी चालवत नाही. स्टेट आयडी आहे, पण त्यावर ईगन. तो बदलायला अपॉइंटमेंट मिळाली नोव्हेंबरच्या मध्याची, मतदान 5 तारखेला. (ज्यांनी अर्ज आधी भरला असेल त्यांनी नवीन पत्त्याची ती पिवळी पावती फेकू नये, ती नोंदणीला चालते.)

राहिली बँक. माझ्या एकटीच्या नावाचं एक खातं आहे. जुना फोटो आयडी आणि सोबत नवीन पत्त्याचं, मतदानाच्या आधीच्या किंवा नंतरच्या 30 दिवसांतलं बँक स्टेटमेंट, एवढ्यावर काम होतं. मोबाईलवर दाखवलं तरी चालतं. पत्ता ऑनलाइन बदलला. "बदल झाला" असा हिरवा टिकमार्कही आला. स्टेटमेंट उघडलं तर ईगन. फोन केला. तिकडची मुलगी फार गोड बोलली आणि म्हणाली, नवा पत्ता पुढच्या स्टेटमेंटपासून. पुढचं कधी? 20 नोव्हेंबरला. मग शाखेत गेले. तिथल्या मुलाने माझं नाव तीन वेळा विचारलं, कारण मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे त्याच्या पडद्यावर वेगळं आणि आयडीवर वेगळं. शेवटी त्याने एक पत्र छापून दिलं, "यांचं आमच्याकडे खातं आहे." पत्ता? बँकेचाच! माझा घालता येत नाही म्हणे, तसा साचाच नाही त्यांच्याकडे. दवाखान्याचं एक पाकीट मात्र बिनचूक नव्या पत्त्यावर आलं होतं. ते चालेल का, तर दवाखान्याचं पाकीट चालणाऱ्या कागदांच्या यादीत बसत नाही.

मी साताऱ्याकडे तीस वर्षं शिक्षिका होते. निवडणुकीची ड्यूटी आमच्या पाचवीला पुजलेली. किती जणांच्या बोटाला शाई लावली असेल, हिशेब नाही. माझ्यासमोर लोक रेशनकार्ड, पासबुक घेऊन उभे राहायचे आणि मी नियम सांगायचे. आता मी नियम ऐकत होते. चिडचिड झाली ती याची.

सून म्हणाली, "आई, जाऊ दे या वर्षी." जाऊ दे कसं? भारतातलं मत मी शपथेच्या दिवशी सोडून आले होते. तिकडचं गेलं आणि इकडचंही नाही, हे मला पटणारं नव्हतं. मुलगा परदेशी जाणार म्हणून आधीच मत देऊन मोकळा झाला होता. इथे 46 दिवस आधीपासून देता येतं, आणि नोंदणीही तिथेच होते. मी त्याच्यासोबत जाऊ शकले असते, पण मला मतदानाच्या दिवशीच, रांगेत उभं राहून मत द्यायचं होतं. हट्टच म्हणा.

उपाय निघाला तो दिवाळीच्या फराळातून. शेजारच्या बाईंना चिवडा-करंज्या द्यायला गेले आणि बोलता बोलता ही रड सांगितली. त्या म्हणाल्या, "मी येते तुमच्यासाठी." इथे त्याला व्हाउचिंग म्हणतात. त्याच प्रभागातला नोंदणीकृत मतदार तुमच्यासोबत केंद्रावर येऊन, ही व्यक्ती इथे राहते असं शपथेवर लिहून देतो. एक मतदार आठ जणांपर्यंत हमी देऊ शकतो. मात्र त्या दिवशी ज्याची स्वतःची नोंदणी दुसऱ्याच्या हमीवर झाली असेल, त्याला दुसऱ्या कोणाची हमी देता येत नाही. सुनेकडे ग्रीनकार्ड, म्हणजे ती अजून नागरिक नाही, त्यामुळे ती बाद.

माझ्यातली पोलिंग ऑफिसर आधी बिचकलीच. आपल्याकडे ओळखीवर आक्षेप घ्यायला पोलिंग एजंट दोन रुपये भरतो, आणि इथे शेजारीण येऊन सही करते? पण खोटी सही हा गंभीर गुन्हा आहे, आणि कागदावर तिचं नाव-पत्ताही राहतो. नंतर वाटलं, माझ्या बँकेपेक्षा माझा पत्ता हिलाच जास्त माहीत आहे.

मंगळवारी सकाळी दोघी चर्चच्या हॉलमध्ये गेलो. नोंदणीच्या टेबलावर इलेक्शन जज (इथे मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला असं म्हणतात) म्हणून बसलेल्या आजोबांनी तिला शपथ वाचायला दिली, तिने माझ्या आडनावाचे तुकडे करत ते उच्चारलं, सही केली. गंमत अशी, की तिच्या अंगणात ज्या उमेदवाराची पाटी होती त्याला माझं मत जाणार नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

मतपत्रिका कागदी, गोल भरायचे आणि मशीनमध्ये सरकवायची. चुकलं तर बदलून मिळते. उलटून बघायला विसरू नका, मागे न्यायाधीशांची भली मोठी यादी असते. त्या वर्षी लॉटरीचा काही पैसा पर्यावरण निधीला देत राहायचा का, असा घटनादुरुस्तीचा प्रश्नही होता. तो कोरा सोडला तर "नाही" धरतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. नमुना मतपत्रिका घरी बघून, खुणा करून सोबत नेली तरी चालते. मी नेली होती. आणि नोकरी करणाऱ्यांना मतदानापुरती भरपगारी सुटी मिळते, ती मागून घ्या.

नोंदणीनंतर काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडून, पडताळणीचं पोस्टकार्ड येतं, आणि पत्ता चुकीचा असेल तर ते परत जातं, म्हणून टपालपेटीवर तुमचं नाव असू द्या. आमच्या पेटीवर फक्त मुलाचं होतं. मी खाली माझं पूर्ण नाव, मधल्या नावासकट, मार्करने लिहून टाकलं.